परक्या शहरांतील रात्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा विषय दिला होता ‘माझा परदेशप्रवास’. त्यांच्या मनात देवळे, राजवाडे, बागबगीचे असे काहीतरी असावे. ती सारी मी पाहिली, नाही असे नाही. पण त्यांची वर्णने आणि छायाचित्रे आपल्याला कोठेही मिळतात. म्हणून मी आज त्या प्रवासातल्या रात्रींविषयी बोलणार आहे. ‘रात्रींविषयी’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत कोणीतरी हसले, ते मला ऐकू आले. हसा खुशाल. हसण्यासारखेही त्यात पुष्कळ आहे.

आधी थोडे माझ्याविषयी सांगते. आपण सगळ्या मला बाई म्हणूनच ओळखता. चौतीस वर्षे मी शाळेत शिकवले. पण माझी पहिली नोकरी शाळेची व्हायची नव्हती. १९८८ साली टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी माझी निवड झाली होती. घरात पेढे आले होते. मग कळले की महिन्यातून काही दिवस रात्रपाळी असते. वडील म्हणाले, “रात्रीबेरात्री मुलीने घराबाहेर? काही अडलेले नाही.” संपले. मीही वाद घातला नाही. त्या काळी घालत नसू.

गंमत अशी, की पुढे २०१४ साली माझी लेक कॉलेजात असताना तिला एका एकांकिकेत मुख्य भूमिका मिळाली आणि तालमी रात्री अकरापर्यंत चालणार असे तिने सांगितले, तेव्हा वडिलांचेच वाक्य माझ्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले. भूमिका दुसऱ्या मुलीला गेली. लेकही गप्प राहिली. मला वाटले, विसरली असेल.

२०२४ साली मी निवृत्त झाले. लेक म्हणाली, “आई, तुझी निवृत्ती आपण प्रवासाने साजरी करू. पण यात्रा कंपनीच्या बसमधून नाही हं. पाठीवर एकेक सॅक टाकायची आणि दोघींनीच जायचे.” अशा प्रवाशांना हल्ली बॅकपॅकर म्हणतात. पाठीवर मावेल तेवढेच सामान, स्वस्तातला मुक्काम आणि पायी हिंडणे, एवढाच त्याचा अर्थ. माझी सॅक नऊ किलोंची झाली. त्यातला दीड किलो मेतकूट, खाकरे आणि लाडू होते. नोव्हेंबर महिन्यात आम्ही निघालो. चोवीस दिवसांत तीन शहरे पाहायची होती : थायलंडमधले बँकॉक, व्हिएतनाममधले हनोई आणि तैवानमधले तैपेई.

मुक्काम हॉस्टेलात. हॉस्टेल म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखी एकावर एक पलंगांची खोली. आमच्या खोलीत फक्त बायका होत्या. सहा पलंग, सहा देशांच्या नसल्या तरी चार देशांच्या तरी नक्कीच. वरचा पलंग माझ्या वाट्याला आला. शिडी चढताना मनात म्हटले, ज्या वयात लोक गुडघ्यांची शस्त्रक्रिया करून घेतात त्या वयात आपण हे करीत आहोत. निघण्यापूर्वी मी लेकीकडून एक कबुली घेतली होती, की रात्री साडेआठनंतर बाहेर पडायचे नाही. ती नुसती हसली. का हसली, ते बँकॉकला पोहोचल्यावर समजले. त्या वस्तीतला दिवस साडेआठलाच उजाडतो.

आमचे हॉस्टेल खाओ सान रस्त्याजवळ होते. ‘खाओ सान’ म्हणजे सडलेला तांदूळ. पूर्वी तेथे तांदळाची बाजारपेठ होती. साधारण १९८० नंतर स्वस्त खोल्या शोधणारे परदेशी तरुण तेथे उतरू लागले आणि बाजार त्यांचा झाला. जेमतेम चारशे मीटरांचा रस्ता, पण रात्री तेथे आपली जत्रा फिकी पडावी! दोन्ही बाजूंना दारूची दुकाने, प्रत्येकात वेगळे गाणे, आणि प्रत्येकाला शेजारच्यापेक्षा मोठ्याने वाजवायचे. काड्यांना टोचलेले तळलेले विंचू घेऊन विक्रेते फिरत होते. तेथल्या रोजच्या जेवणात विंचू नसतो. तो आपल्यासारख्या प्रवाशांना दाखवण्यासाठी असतो, आणि त्याचे नुसते छायाचित्र काढायचे तरी पैसे मोजावे लागतात. लेक रमली. माझे डोके चढले. अर्ध्या तासात मी परतले आणि खिडकी लावून पडले. छातीत मात्र त्या ढोलांचे ठोके पडतच राहिले.

दुसऱ्या रात्री जे झाले ते सांगायला मला अजून थोडी लाज वाटते. पॅटपाँग नावाच्या भागात रात्रीचा बाजार भरतो. पिशव्या, घड्याळे, रेशमी ओढण्या. लेक एका पिशवीसाठी घासाघीस करीत होती आणि माझे पाय भरून आले होते. एक अदबशीर माणूस जवळ आला. हातात कार्ड, त्यावर नाचणाऱ्या मुलीचे चित्र. प्रवेश विनामूल्य, फक्त एक थंड पेय घ्यायचे, त्याचे शंभर बाट. बाट म्हणजे तेव्हा साधारण अडीच रुपये. मला वाटले, तिकडचे लोकनृत्य असेल. लेक म्हणाली, “आई, मला हे ठीक दिसत नाही.” मी म्हटले, “अगं, बसायला तर मिळेल!”

भगिनींनो, जिना चढून वर गेलो आणि दिव्यांची सवय होताच मला कळून चुकले की हे लोकनृत्य नव्हे. वर्णन करीत नाही. समोर दहाबारा मुली उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या अंगावरल्या तुटपुंज्या कपड्याला एकेक बिल्ला लावलेला, त्यावर आकडा. गिऱ्हाइकाला नाव विचारायची गरज पडू नये, म्हणून आकडा. आम्ही उठलो तो बिल आले. दोन थंड पेयांचे तीन हजार दोनशे बाट! म्हणजे आठ हजार रुपये. दाराशी दोन धिप्पाड माणसे येऊन उभी राहिली. माझे हातपाय गार पडले. लेकीने मात्र फोन काढला आणि शांतपणे, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी ११५५ ला फोन लावते.” हा तेथल्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक. तिने तो निघण्यापूर्वीच पाठ करून ठेवला होता. थोडी ओढाताण झाली, सहाशे बाटांवर तडजोड झाली, आणि आम्ही जिना उतरलो.

त्या खोलीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ज्या मुलीच्या बिल्ल्यावर ४३ होते, ती नाचता नाचता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. शेवटच्या तासाला मुले घंटेची वाट पाहतात ना, अगदी तशी. ती नजर मी चौतीस वर्षे पाहिलेली आहे.

नंतर मी याविषयी वाचले. १९६७ साली, व्हिएतनामचे युद्ध चालू असताना, अमेरिकन सैनिकांनी विश्रांती आणि करमणुकीसाठी थायलंडात यावे असा करार झाला, आणि त्या पैशावर हा धंदा फोफावला. युद्ध संपले, सैनिक गेले, त्यांच्या जागी पर्यटक आले. वेश्याव्यवसायाला त्या देशात १९६० पासून कायद्याने बंदी आहे. १९९६ साली नवा कायदाही झाला. बंदी कागदावर आहे आणि पाट्या झगमगताहेत. पुष्कळ मुली ईशान्येकडच्या, इसान नावाच्या भाताच्या शेतीवर जगणाऱ्या गरीब प्रदेशातून येतात आणि घरी पैसे पाठवतात. १९८५ साली चंतविपा अपिसुक नावाच्या बाईंनी त्याच पॅटपाँगमध्ये ‘एम्पॉवर’ ही संस्था सुरू केली. या मुलींना काय हवे ते त्यांनाच विचारून त्यांनी काम आरंभिले, आणि पहिली गरज निघाली ती इंग्रजी शिकण्याची, म्हणजे गिऱ्हाइकाशी आपले आपल्याला बोलता यावे, फसगत होऊ नये. हे वाचले तेव्हा माझ्यातली शिक्षिका जरा ओशाळली. मी त्या मुलींकडे पाहून फक्त मान खाली घातली होती.

पण हे सगळे नंतरचे. त्या रात्री हॉस्टेलच्या पायऱ्यांवर आम्हा मायलेकींचे कडाक्याचे भांडण झाले. मी म्हटले, “बघितलेस? उद्यापासून साडेआठला आत.” ती म्हणाली, “आई, जिना तू चढलीस. मी नको म्हणत होते. दोष रात्रीला का देतेस?” आणि मग, दहा वर्षांत एकदाही न काढलेली ती एकांकिका तिने तेथे काढली. “तेव्हाही तू रात्रीला घाबरलीस. मी कोणाबरोबर असेन, घरी कशी येईन, हे तू विचारलेच नाहीस. मी तुला सगळे सांगणार होते. आम्ही चौघी एकत्र येणार होतो, एकीचे वडील न्यायला येणार होते.” मला उत्तर सुचले नाही. ते वडील न्यायला येणार होते, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

दुसऱ्या दिवशी तिने अट घातली. “आज एकच जागा मी निवडते. आवडली नाही तर पुन्हा तुझे साडेआठ.” रात्री साडेबाराला तिने मला पाक ख्लोंग तलात येथे नेले. नावाचा अर्थ कालव्याच्या तोंडाशी असलेला बाजार. तो फुलांचा घाऊक बाजार निघाला, आणि रात्रभर चालणारा. फुलांचे ट्रक रात्री येतात, म्हणून गर्दीही रात्रीच. काय सांगू तुम्हाला! झेंडूच्या राशीच राशी, मोगऱ्यासारख्या पांढऱ्या कळ्यांचे ढीग, बर्फावर ठेवलेली ऑर्किडे, कमळाच्या कळ्या. आणि त्यांच्यामागे मांडी घालून बसलेल्या बायका. हातभर लांब सुईत कळ्या ओवून ‘फुआंग मालै’ नावाचे हार करीत होत्या. हे हार देवापुढे वाहतात, गाडीच्या आरशाला बांधतात. मध्यरात्र उलटून गेलेली, पण कोणाच्या चेहऱ्यावर भीती नाही, घाई तेवढी आहे. कोणी हातगाडी ओढतेय, कोणी डबा खातेय, एकीचे मूल पोत्यावर झोपलेले.

मी एका बाईपाशी उकिडवी बसले. तिने माझ्या हातात सुई दिली. मला ती सुई काही चालवता येईना. तेव्हा मी दोरा मागून घेतला आणि आपण बोटांनी गाठी मारून गजरा करतो तसा वीतभर गजरा करून दाखवला. सुईवाचून हार! तिने शेजारणींना हाका मारून बोलावले. चारपाच जणी जमल्या. भाषेचा एक शब्द सामाईक नाही, आणि आम्ही पाऊण तास हसत होतो. तो गजरा तिने आपल्या टोपलीला बांधला. पहाटे दोन वाजता रिकाम्या हातांनी परतताना मी लेकीला म्हटले, “साडेआठ राहू दे.”

तेथून हनोई. तेथल्या जुन्या वस्तीत ता हिएन नावाची गल्ली आहे. गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर शेकडो माणसे दाटीवाटीने बसतात आणि त्या त्या दिवशी ताजी केलेली बिअर पितात. पोलिसांची गाडी दिसली की क्षणात स्टुले आत ओढली जातात, गिऱ्हाईक हातात पेला घेऊन उभेच! गाडी वळली की पुन्हा स्टुले बाहेर. आपल्याकडे फेरीवाल्यांचे पाहतो, तेच. मी लिंबाचे सरबत घेतले. लेकीने काय घेतले ते येथे सांगू नये अशी तिची विनंती आहे.

पण हनोईतली खरी रात्र मला सरोवराकाठी भेटली. शहराच्या मध्यभागी होआन किएम सरोवर आहे. नावाचा अर्थ ‘परत केलेली तलवार’. राजा ले लोय याने आपली दैवी तलवार येथल्या कासवाला परत केली अशी कथा आहे. २०१६ च्या सप्टेंबरपासून शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र सरोवराभोवतीच्या रस्त्यांवर वाहनांना बंदी असते. आम्ही शनिवारी गेलो. रस्ता माणसांचा झालेला. मुले खेळण्यातल्या मोटारी चालवताहेत, मोठी माणसे दोरीच्या उड्या मारताहेत, आणि एकीकडे ध्वनिवर्धकावर गाणे लावून माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या बायका ओळीने नाचताहेत. नाचताना अवघडलेपण नाही, की कोणी टक लावून पाहत नाही. रात्रीचे दहा वाजलेले. मला आपली मंगळागौर आठवली. रात्रभर जागून फुगड्या, झिम्मा, पिंगा घालणाऱ्या आपल्या आज्या काही घाबरट नव्हत्या. पण त्या चार भिंतींच्या आत खेळल्या, या भर चौकात. एकीने मला हात धरून ओळीत घेतले. पावले चुकली, पण गुडघे सुटले!

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी खोटी ठरेन. एक दिवसआड ता हिएनकडून हॉस्टेलला परतताना आम्ही एका अरुंद गल्लीत शिरलो. साडेअकरा झाले असतील. समोरून एक दारू प्यालेला माणूस आला. तेथला नव्हे, आमच्यासारखाच पाहुणा, गोरा, उंच. त्याने काही न बोलता लेकीचा दंड पकडला. भगिनींनो, माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. वर्गात साठ मुलांना एका हाकेने गप्प करणारी मी, तेथे मुकी झाले.

आवाज फुटला तो दुसऱ्याच कोणाचा. गल्लीच्या कडेला एक म्हातारी बर्फ घातलेला हिरवा चहा विकत बसली होती. एक थर्मास, चार पेले, तीन स्टुले, एवढेच तिचे दुकान. ती उठली, स्टूल उचलले, आणि जी काही ओरडली! दोन खिडक्या उघडल्या, समोरच्या दुकानातला मुलगा बाहेर आला. त्या माणसाने दंड सोडला आणि तो निघून गेला. म्हातारीने आम्हाला त्याच स्टुलावर बसवले, हातात चहा दिला. लेक थरथरत होती. तिचा पेला मी धरून ठेवला. पैसे देऊ केले तर तिने माझी मूठ मिटवली.

‘मी सांगत नव्हते?’ असे म्हणायची मला त्या रात्री पुरेपूर संधी होती. मी म्हटले नाही, कारण माझ्या डोक्यात वेगळेच चालले होते. त्या गल्लीत दिवा मिणमिणताच होता, पोलीस नव्हता. गल्ली आमच्यासाठी सुरक्षित झाली ती एक म्हातारी तेथे रोज रात्री चहा विकत बसते म्हणून. भल्या बायका भीतीने आत गेल्या, की रस्ता कोणाच्या हाती राहतो? उरतात ते त्या दारुड्यासारखे. मग रस्ता आणखी भीतीदायक होतो, आणि बायका आणखी आत जातात. आमच्या दोन पिढ्यांनी हेच केले. वडिलांनी मला आत ठेवले, मी लेकीला.

शेवटचा मुक्काम तैपेई. तेथे पहिल्याच संध्याकाळी खाली रस्त्यावर पियानोचे सूर ऐकू आले. मला वाटले आइस्क्रीमवाला आला. ती निघाली कचऱ्याची गाडी! तेथे कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही, गाडी आली की स्वतः नेऊन टाकायचा. म्हणून गाडी गाणे वाजवीत येते. काही गाड्या बीथोव्हेनची रचना वाजवतात, काही ‘कुमारिकेची प्रार्थना’ ही, टेक्ला बादाझेव्स्का नावाच्या पोलंडमधल्या तरुण स्त्रीने १८५० नंतरच्या दशकात रचलेली. पिशव्या घेऊन घराघरांतून माणसे उतरतात, चार शब्द बोलतात. सायंकाळी सगळी गल्ली एकमेकींना पाहते. आपल्या आरोग्य समितीने टिपून घ्यावे.

राओहे येथला रात्रीचा बाजार एका मोठ्या देवळाच्या दाराशीच सुरू होतो. देवी माझू, समुद्रावर जाणाऱ्यांचे रक्षण करणारी. देवीची आरास, उदबत्त्यांचा वास, आणि त्यातच आंबवलेल्या टोफूचा असा काही दर्प, की नाकाला पदर नसला तरी ओढणी लावावी लागली. शाकाहारी जेवणाची मला काळजी होती. पण तेथे कित्येक शाकाहारी खानावळींच्या पाटीवर खूण असते ती चक्क स्वस्तिकाची! परक्या मुलखात स्वस्तिक पाहून मला माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले.

या शहरात मात्र मला रात्री अकरा वाजता एकट्या मुली सर्रास दिसल्या. अभ्यासाहून, कामाहून, सिनेमाहून परतणाऱ्या. मेट्रोच्या फलाटावर एक जागा आखून दिलेली असते. रात्री उशिरा गाडीची वाट पाहणाऱ्यांनी तेथे उभे राहावे, तेथे कॅमेऱ्याची नजर असते. मी हॉस्टेलच्या बाईंपाशी कौतुक केले, की तुमचे शहर किती नशीबवान! त्या म्हणाल्या, नशिबाने मिळालेले नाही. आणि त्यांनी मला पेंग वान-रू या स्त्रीविषयी सांगितले.

पेंग वान-रू राजकारणातल्या कार्यकर्त्या होत्या. निवडणुकीत एक चतुर्थांश उमेदवार स्त्रिया असाव्यात म्हणून त्या पक्षात झटत होत्या. ३० नोव्हेंबर १९९६ च्या रात्री काऊशुंग शहरात सभेचे काम आटोपून त्या टॅक्सीत बसल्या, आणि परतल्या नाहीत. तीन दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला. खुनी आजवर सापडलेला नाही. अशा वेळी काय व्हावे? ‘बायकांनी रात्री टॅक्सीने जाऊ नये,’ असे म्हणणारे तेथेही असतीलच. पण २१ डिसेंबरला तैपेईतल्या बायका, मुद्दाम रात्री, मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. आम्हाला रात्रीचा रस्ता हवा, अशी त्यांची मागणी होती. ते वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, लैंगिक अत्याचार प्रतिबंधाचा कायदा तेथल्या विधिमंडळात संमत झाला. मी ज्या फलाटावर निर्धास्त उभी होते, त्याच्यामागे हे सारे होते.

तैपेईत एस्लाइट नावाचे पुस्तकांचे दुकान आहे. १९९९ साली त्यांनी आपली एक शाखा चोवीस तास उघडी ठेवायला सुरुवात केली. ती शाखा २०२० साली बंद झाली. पुढे दुसऱ्या शाखेत, आणि २०२४ च्या जानेवारीपासून तंबाखूच्या एका जुन्या कारखान्याच्या आवारातील शाखेत, रात्रभर पुस्तके वाचता येतात. आमच्या शेवटच्या रात्री माझे पाय सुजले होते. साडेअकरा झाले. लेक म्हणाली, “आई, मी त्या दुकानात जाऊन येऊ?”

मी तिला तीन प्रश्न विचारले. कशाने जाशील? कशाने येशील? फोनला चार्ज आहे ना? तिने तिन्हींची उत्तरे दिली. मी म्हटले, “जा. माझ्यासाठी काही चित्रांचे मिळाले तर आण.” ती दारात क्षणभर थांबली. काही बोलली नाही, पण २०१४ सालचे काहीतरी तेथे फिटले असे मला वाटले. मी झोपले असे सांगत नाही. पावणेतीनला कुलपाचा आवाज येईपर्यंत टक्क जागी होते. पण ‘नको’ म्हटले नाही, एवढे माझ्या नावावर लिहा.

भगिनींनो, आता घरी येते. परदेश सोन्याचा आणि आपला देश मातीचा, असे मला म्हणायचे नाही. पॅटपाँगचा जिना परदेशातच होता, आणि लेकीचा दंड धरणारा माणूस पुढारलेल्या देशातलाच. मला बोलायचे आहे ते आपल्या सभागृहापासून रिक्षाथांब्यापर्यंतच्या बोळाविषयी. मी परवा मोजला. साडेतीनशे पावले आहेत. पाच खांब आहेत, त्यांतले दोन दिवे लागतात. या बोळाच्या भीतीने आपण मंडळाचे कार्यक्रम साडेसातला आटोपते घेतो. गेल्या कोजागिरीला तर कमालच झाली. चंद्र नारळाच्या झाडावरही आला नव्हता, आणि आपण दूध पिऊन, पातेली घासून, घरी! लक्ष्मी मध्यरात्री ‘को जागर्ति’, कोण जागे आहे, असे विचारीत फिरते म्हणतात. आपल्या मंडळाच्या दारात येऊन तिने कुलूप पाहिले असणार.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, त्या तीन दिव्यांसाठी आपण सगळ्यांनी सह्या करून अर्ज द्यावा आणि दिवे लागेपर्यंत दर सोमवारी पाचजणींनी विचारायला जावे. दुसरी, येत्या कोजागिरीचा कार्यक्रम बारापर्यंत चालवावा, आणि बोळाच्या तोंडाशीच चटया टाकाव्यात. ज्यांची घरे बोळात आहेत त्यांनी ओट्यावर बसावे. कोणी चहाचा थर्मास घेऊन बसेल तर फारच उत्तम. ती माणसे मी पाहिली आहेत, ती दिव्याहून उपयोगी पडतात. येथे आलेल्या पुरुषमंडळींनीही यावे, पण पहारेकरी म्हणून नको, दूध प्यायला यावे. तिसरी, कार्यक्रम संपल्यावर लांब राहणाऱ्या प्रत्येकीबरोबर दोघी जातील, अशी यादी आजच करावी. यादीत पहिले नाव माझे घाला.

आणि घरी कोणाची मुलगी रात्रीच्या तालमीचे, अभ्यासिकेचे, रात्रपाळीचे विचारील, तेव्हा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी एवढे विचारा, की जाशील कशी आणि येशील कशी. कदाचित कोणाचे तरी वडील न्यायला येणार असतील. मला ते कळायला दहा वर्षे लागली.

घड्याळात सात वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. आज आपल्याला दहा मिनिटे उशीर झाला आहे, तरी कोणी उठलेले दिसत नाही. ठीक आहे, सुरुवात झाली.